चिठ्ठीवरचा शिक्का: झोपेच्या गोळ्या, मॉर्फिन आणि मेडिकलवाल्याचं रजिस्टर

सांजवात | सोमवार, रात्री १०:४०

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. योग्य विभागात धागा नसेल तर हलवा.

आम्ही सातारा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी राहतो. आई ७४ वर्षांची. कॅन्सर मणक्यात उतरलाय, केमो बंद केली. मुंबईच्या डॉक्टरांनी दुखणं आवरायला मॉर्फिनच्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्या सुरू केल्या, पंधरा दिवसांच्या सोबत दिल्या आणि पुढची चिठ्ठीही लिहून दिली. गोळ्या संपत आल्या म्हणून शनिवारी ती चिठ्ठी घेऊन आमच्या नेहमीच्या मेडिकलमध्ये गेले.

नेहमीचं म्हणजे किती नेहमीचं ते सांगते. बाबांच्या झोपेच्या गोळ्या (अल्प्राझोलाम ०.५) तिथूनच येतात, सहा-सात वर्षं झाली. मूळ चिठ्ठी कुठे आहे ते घरात कुणालाच ठाऊक नाही. मी काउंटरला टेकले की मुलगा "काकांच्या दोन स्ट्रिप ना?" म्हणत काढूनच ठेवतो. शनिवारीही ठेवल्या. मग मी आईची चिठ्ठी पुढे केली. मालकांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचली, होती तशी घडी घातली आणि परत दिली. म्हणाले, "ताई, हे आपल्याकडे नसतं. आणि असली चिठ्ठी घेऊन दुकानोदुकानी विचारत फिरू नका, लोक भलता अर्थ काढतात."

मी फिरलेच. सहा दुकानं झाली. एकाने चिठ्ठीचा फोटो काढून ठेवला, कशाला ते सांगितलं नाही. एक म्हणाला ट्रमाडॉल नेता का. अहो, ट्रमाडॉलने भागेना म्हणून तर मॉर्फिन दिलंय. शेवटच्या दुकानदाराने चिठ्ठीतलं पोट साफ होण्याचं औषध दिलं आणि डॉक्टरांच्या सहीच्या वर दुकानाचा शिक्का ठोकला, तारखेसकट. आता ही चिठ्ठी बाद झाली का?

आणि मूळ प्रश्न. बाबांच्या गोळ्या फुटाण्यासारख्या मिळतात, आईची मिळत नाही. हा कुठला कायदा?

आत्ता मोजल्या. एकवीस उरल्यात. दिवसाला सहा लागतात.

---

फळीमागचा | सोमवार, रात्री ११:२५

ताई, आधी निकडीचं. उद्या सकाळी ज्या हॉस्पिटलने गोळ्या दिल्या तिथल्या पॅलिएटिव्ह विभागाला, म्हणजे दुखणं-त्रास कमी करणाऱ्या विभागाला, फोन करा. तुमच्या जवळ कुठलं केंद्र मॉर्फिन देतं हे त्यांना माहीत असतं. संपेपर्यंत थांबू नका, आणि पुरवून पुरवून देऊ तर अजिबात नका. मॉर्फिन घड्याळाच्या काट्यावर द्यायचं असतं.

मेडिकलवाल्यांच्या दारात मात्र फिरू नका. मीही मेडिकलवालाच आहे, कोल्हापूरकडचा, डी. फार्म. होऊन बावीस वर्षं फळीमागे उभा आहे. मॉर्फिनची गोळी माझ्याही दुकानात कधी आलेली नाही. साध्या ड्रग लायसन्सवर ती ठेवता येत नाही.

शिक्क्याचं. तो मारायचाच असतो, तुमच्या शेवटच्या दुकानदाराने एवढं एक काम नियमाने केलं. चिठ्ठीवर डॉक्टरने 'पुन्हा द्यावे' असं लिहिलेलं नसेल तर त्या चिठ्ठीवर ते औषध एकदाच द्यायचं, आणि दिलं की सहीच्या वर दुकानाचं नाव, पत्ता, तारीख टाकायची. औषध आणि प्रसाधन कायद्याखालच्या १९४५ च्या नियमांत नियम ६५ आहे, त्यातलं हे. लोकांना वाटतं मेडिकलवाल्याने चिठ्ठी खराब केली. माझ्याशी यावरून भांडलेत लोक. शिक्क्यासमोर काय दिलं ते त्याने लिहिलंय का बघा. नसेल तर मॉर्फिन दिलेलं नाही हे पुढच्या माणसाला कळणार कसं? त्याच्याकडून लिहून घ्या.

आता कायदा कुठला. चार पायऱ्या डोळ्यांसमोर आणा. शेड्यूल म्हणजे नियमांतली औषधांची यादी. खालची शेड्यूल एच: चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, कोपऱ्यात आरएक्स असतं. त्यावर एच-वन, १ मार्च २०१४ पासून लागू झालं. पहिल्या यादीत ४६ औषधं होती: वरच्या पिढीची अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं आणि सवय लागणारी, म्हणजे अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम, कोडीन, ट्रमाडॉल वगैरे. पाकिटावर लाल चौकटीत इशारा असतो. यांच्यासाठी वेगळं रजिस्टर: डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं. तीन वर्षं जपायचं, मागेल तेव्हा दाखवायचं. तिसरी शेड्यूल एक्स: त्याला वेगळं लायसन्स, औषध कुलपात, चिठ्ठी दोन प्रतींत, एक प्रत आमच्याकडे दोन वर्षं. आणि या सगळ्यांना आडवा छेद देणारा १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांचा कायदा, ज्याचं नाव काढलं की आमच्या पोटात गोळा येतो. त्यातल्या औषधांवर लाल अक्षरात एनआरएक्स असतं. बाबांच्या पाकिटावर बघा, दिसेल.

म्हणजे बाबांची गोळीही त्याच कायद्यात आहे, बरं का. ती फुटाण्यासारखी मिळते ते आमच्यामुळे.

---

अर्धी_गोळी | सोमवार, रात्री ११:५१

सगळं नाटक आहे हो. एच-वनचं रजिस्टर म्हणे. मी पुण्यात तीन दुकानांतून क्लोनाझेपाम (तीही बाबांच्या गोळीच्याच जातीची) घेतो, एकानेही नाव विचारलेलं नाही. बिलावर डॉक्टरच्या रकान्यात काय छापून येतं माहितेय? "डॉ. सेल्फ". डॉ. सेल्फ यांची प्रॅक्टिस महाराष्ट्रात सगळ्यात मोठी असावी.

फळीमागचे साहेब, तुम्ही स्वतः कधी बिनचिठ्ठीची दिली नाही असं छातीवर हात ठेवून सांगा.

---

फळीमागचा | मंगळवार, सकाळी ७:१०

नाही सांगणार. दिलीय. आणि त्याची फीही भरलीय.

पाच-सहा वर्षांपूर्वी औषध खात्याचे इन्स्पेक्टर आले. चहा नाही, बसणं नाही. फाइलमधून स्टॉकिस्टचं एक खरेदी बिल उचललं: अल्प्राझोलाम, तीस स्ट्रिप, बॅच नंबर अमुक. मग फळीवरचा डबा काढायला लावला. त्या बॅचच्या अकरा स्ट्रिप निघाल्या. तीस वजा अकरा, एकोणीस. एच-वनचं रजिस्टर उघडलं, बोट फिरवत मोजत गेले. चौदा. म्हणाले, "पाच कुठे गेल्या?" एवढंच. आवाजही चढवला नाही.

पाच कुठे गेल्या ते मला पाठ होतं. दोन एका निवृत्त गुरुजींच्या, एक शेजारच्या टेलरच्या आईची, दोन मी जेवायला गेलो तेव्हा पोऱ्याने कुणाला दिल्या देव जाणे. त्या शेवटच्या दोनने मला रात्रभर झोप लागली नाही, आणि झोपेची गोळी घेण्याचीही सोय राहिली नव्हती! नोटीस आली, खुलासा दिला, लायसन्स आठ दिवस निलंबित झालं. बायकोने घरात विचारलं तर सांगितलं, रंगकाम चाललंय.

तेव्हापासून लिहितो. गिऱ्हाईक चिडतं, पलीकडच्या दुकानात जातं, तिथे मिळतं. कामगारदिनाला सुट्टी नसलेल्या पोऱ्याच्या भरवशावर आणि फार्मासिस्टचं सर्टिफिकेट भाड्याने भिंतीवर टांगून चालणारी दुकानं आहेत तोवर हे राहणार. १९४८ च्या फार्मसी कायद्यात स्पष्ट आहे की औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. जाऊ दे, माझ्या धंद्याचं धुणं इथे किती धुवायचं.

तुमच्या क्लोनाझेपामबद्दल: ते एच-वनच्या त्या पहिल्या यादीत नव्हतं, पण एनडीपीएसमध्ये आहे. दोन यादी दोन खात्यांनी केल्या की असं होतं. आमच्यातल्या अर्ध्यांना हे माहीत नसतं.

---

चिमणचारा | मंगळवार, सकाळी ९:३२

शेड्यूल एक्सबद्दल मी सांगू शकते. मुलाला एडीएचडी (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा) आहे, त्यावर मिथाइलफेनिडेट चालू आहे. आमच्या शहरात (पुणे-मुंबई नव्हे) मानसोपचारतज्ज्ञ चार आणि हे औषध ठेवणारं दुकान एक. पहिल्यांदा डॉक्टरांनी एकच चिठ्ठी दिली, दुकानदाराने दुसरी प्रत मागितली, मी झेरॉक्स काढून आणली. चालली नाही, सही ओरिजिनल हवी. परत डॉक्टर, परत रांग. आता डॉक्टर दोन्ही कागदांवर समोर सही करतात.

तो दुकानदार भिंतीतलं छोटं कपाट किल्लीने उघडतो, गोळ्या मोजतो, वही लिहितो, कुलूप लावतो, मग पैसे घेतो. मुलगा पूर्वी विचारायचा, आई माझं औषध सोन्याचं आहे का?

त्रास होतो, पण मला राग येत नाही. हेच औषध परीक्षेच्या आधी जागायला म्हणून मागणारी मुलं आमच्याच क्लासेसच्या गल्लीत आहेत.

---

भूलतज्ज्ञ_आडगावचा | मंगळवार, दुपारी ३:०५

केस संपवून आलो, धागा आत्ता पाहिला. सांजवात, फोन केलात का ते आधी कळवा.

मॉर्फिन का मिळत नाही याचं मूळ जुनं आहे. १९८५ चा कायदा आला तो मुंबईत गर्दुल्ल्यांची चर्चा ऐन भरात असतानाचा. त्यात औषधी वापराला मोकळीक होतीच, पण शिक्षा इतक्या कडक, किमान दहा वर्षं, की कागदाची चूक आणि तस्करी यांत दुकानदाराला फरक दिसेना. पुढे २००१ मध्ये शिक्षा मालाच्या प्रमाणावर ठरायला लागल्या, पण भीती बसली ती बसली. त्यात परवाने: उत्पादन शुल्क खात्याचे, आरोग्य खात्याचे, बाळगायचा वेगळा, आणायचा वेगळा, दुसऱ्या राज्यातून आणायचा त्याहून वेगळा. सगळे एकाच वेळी चालू असले पाहिजेत. पाचवा येईपर्यंत पहिल्याची मुदत संपायची. हॉस्पिटलांनी नाद सोडला. १९९७ साली अख्ख्या देशाचा मॉर्फिनचा वर्षाचा वापर १८ किलोच्या आसपास आला होता. किलो. आणि हा देश कोणता, तर मंदसौर-नीमच-चितोडगड पट्ट्यात सरकारी परवान्याने अफू पिकवणारा, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत ती प्रक्रिया करणारा, जगाला विकणारा. घरात विहीर आणि पाहुण्याला पाणी नाही.

केरळमध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून कोझिकोडला काम उभं केलं, आणि कायदा बदलावा म्हणून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. शेवटी २०१४ मध्ये दुरुस्ती झाली. 'अत्यावश्यक अंमली औषधं' असा गट केला, मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन, अशी सहा. २०१५ च्या मे महिन्यात नियम आले. आता राज्याच्या औषध नियंत्रकाकडून एकदा 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' म्हणून मान्यता घ्यायची, संस्थेत वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर हवा, वर्षाची गरज आधी कळवायची, हिशेब द्यायचा. बस. कागद खरोखर कमी झालेत, हे मी स्वतः अर्ज भरून सांगतो.

तरीही अर्ज करणारे थोडे, कारण हे बदललंय हेच बऱ्याच डॉक्टरांना माहीत नाही. शिकताना आम्हाला मॉर्फिनचे धोके चार पानं होते, ते लिहायचं कसं ते अर्धं पान.

हिशेब कसा असतो म्हणता? फेंटानिल, म्हणजे भूल देताना वापरायचं मॉर्फिनच्या जातीचं औषध, त्याची दोन मिलीची ॲम्प्यूल, १०० मायक्रोग्रॅम. पेशंटला दीड मिली लागलं तर उरलेलं अर्धा मिली सिस्टरसमोर टाकायचं, वहीत वापरलेलं, टाकलेलं, दोघांच्या सह्या. रिकामी ॲम्प्यूल परत दिल्याशिवाय नवीन मिळत नाही. मागे एकदा भरलेली ॲम्प्यूल ट्रॉलीवरून पडली. आम्ही दोघं रात्री दीड वाजता टॉर्च घेऊन ओटीच्या फरशीवर काचा गोळा करत होतो. कागदाच्या पुडीत घातल्या, पुडीवर बॅच नंबर लिहिला, दोघांच्या सह्या, आणि ती पुडी कुलपात! सकाळी इन्चार्ज सिस्टरने पुडी उघडून काचेचा गळा तपासला. बरोबर केलं तिने. माझ्या व्यवसायातली माणसं या औषधाच्या आहारी गेलेली मी पाहिलीत, त्यांना किल्ली हातातच मिळत होती.

(केटामीन हे भुलीचं औषध २०१३ मध्ये शेड्यूल एक्समध्ये गेलं तेव्हाही आम्ही कुरकुरलो होतो. सवय झाली.)

---

विजेचाखांब | मंगळवार, सायं. ६:४४

स्पष्ट बोलतो, राग नसावा. मॉर्फिन म्हणजे गर्दच ना? डॉक्टरांनी हात टेकले की ते देतात. आमच्याकडे एका नातेवाइकाला सुरू केलं आणि आठ दिवसांत गेले. व्यसन लागतं ते वेगळंच.

---

भूलतज्ज्ञ_आडगावचा | मंगळवार, रात्री ८:२०

आठ दिवसांत गेले कारण शेवटच्या आठ दिवसांत सुरू केलं. सहा महिने आधी केलं असतं तर सहा महिने बिनदुखण्याचे मिळाले असते. मॉर्फिन चालू असलेले लोक मी शेतावर चक्कर मारताना, नातीच्या लग्नात पंगतीला बसलेले पाहिलेत.

गर्द मॉर्फिनपासूनच बनतं, तुमचं तेवढं बरोबर. पण कॅन्सरच्या दुखण्यावर, पोटातून, ठरावीक वेळेला, वाढवत नेलेला डोस याला व्यसन म्हणत नाहीत. शरीराला सवय होते, म्हणून एकदम बंद करायचं नसतं, हळूहळू उतरवायचं. स्टिरॉइडचंही तसंच असतं. ओढ लागणं, चोरून घेणं, आपल्या मनाने वाढवत जाणं हे व्यसन, आणि ते काही जणांना होऊ शकतं म्हणूनच मोजमाप आहे. पोट मात्र हमखास बांधतं, म्हणून पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून. सांजवातच्या चिठ्ठीत ते होतं, म्हणजे लिहिणाऱ्याला काम कळतं.

---

टेम्सकाठ | बुधवार, पहाटे २:१५

मूळची सांगलीची, इंग्लंडमध्ये फार्मासिस्ट आहे. दुसरं टोक सांगते.

इथे मॉर्फिन गल्लीतल्या दुकानात मिळतं. चिठ्ठी २८ दिवस चालते, गोळ्यांची संख्या अंकात आणि अक्षरात दोन्ही हवी, घ्यायला आलेल्या माणसाला ओळख विचारायची. माझ्याकडे बांधीव रजिस्टर आहे, पान फाडता येत नाही. प्रत्येक औषधाला, प्रत्येक ताकदीला वेगळं पान. आलं, गेलं, शिल्लक. त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी नोंद. खाडाखोड नाही, पांढरी शाई नाही. चुकलं तर चुकलेलं तसंच ठेवायचं आणि समासात तारीख टाकून टीप लिहायची. माझ्या पहिल्या वर्षी मी १० आणि १०० चा घोळ केला होता. ती टीप अजून त्या पानावर आहे, नव्या मुलींना दाखवते.

इतकं असूनही इथे शिपमन झाला. मँचेस्टरजवळच्या हाइड गावचा डॉक्टर, पेशंटना डायमॉर्फिन (औषधी हेरॉइन) टोचून मारत होता. २००० साली पंधरा खुनांसाठी शिक्षा झाली, नंतरच्या चौकशीत आकडा अडीचशेच्या घरात गेला. औषध आणलं कुठून? पेशंटच्या नावाने गरजेपेक्षा जास्त लिहून, आणि माणूस गेला की घरात उरलेलं "मी नष्ट करतो" म्हणून उचलून. बरं, १९७५ मध्येच तो खोट्या चिठ्ठ्या लिहून पेथिडिन (मॉर्फिनसारखंच वेदनाशामक) स्वतःला टोचून घेतो म्हणून सापडलेला होता. इथलं आजचं अर्धं रजिस्टर त्याने लिहायला लावलंय असं आम्ही म्हणतो.

म्हणून अर्धी_गोळी, "डॉ. सेल्फ" वाचून हसले खरी, पण पोटात गोळाच आला.

---

अर्धी_गोळी | बुधवार, सकाळी १०:०२

बरं, माझं ऐका. माझी क्लोनाझेपाम आता ऑनलाइन येते. ॲपवर कुणीतरी डॉक्टर दोन मिनिटं फोन करतो आणि चिठ्ठी तयार. हे तरी कायदेशीर आहे ना?

---

भूलतज्ज्ञ_आडगावचा | बुधवार, दुपारी १:१०

२५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचना वाचा. शेड्यूल एक्स आणि एनडीपीएसमधली औषधं फोनवर-व्हिडिओवर लिहायची नाहीत असं त्यांत म्हटलंय. मानसोपचारासाठी नंतर थोडी सवलत आली, पण ती दोन मिनिटांच्या अनोळखी फोनसाठी नाही.

आणि किती वर्षं घेताय? सल्ला नको असेल तर देत नाही. फक्त एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते. सांजवातच्या बाबांनाही हेच लागू.

---

कऱ्हाकाठ | बुधवार, रात्री ९:३०

सांजवातताई, आमच्या दादांना तोंडाचा कॅन्सर होता. शेवटचे पाच महिने मॉर्फिनवर. आम्ही पुण्यात वारज्याच्या सिप्लाच्या पॅलिएटिव्ह केंद्रात न्यायचो, तिथे पैसे घेत नाहीत. १९९७ पासून आहे ते. तुम्हाला लांब पडेल, पण फोनवर विचारायला हरकत नाही.

अनुभवाचं दोन शब्द. जाताना पेशंटची फाइल, मूळ चिठ्ठी, पेशंटचं आणि घेणाऱ्याचं आधार, प्रत्येकाची झेरॉक्स. मागच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं टाकू नका, दाखवायला लागतात. येताना गोळ्या आणि चिठ्ठी एकाच पिशवीत ठेवा, एसटीत कुणी विचारलं तर हात थरथरायला नको. आणि घरी वही करा. आमच्या आईने शाळेची दोनशेपानी वही घेतली, सहा रकाने पाडले: वेळ, गोळी, दुखणं किती, उलटी, शौच, कोणी दिली. दुखण्याला डॉक्टर शून्य ते दहा सांगायचे. आईला ते जमेना, तिने आणे लिहिले. "आज बारा आणे." डॉक्टरांना बरोबर कळायचं.

दादा गेल्यावर सत्तावीस गोळ्या उरल्या. चुलतभाऊ म्हणाला ठेव, कुणाला तरी उपयोगी पडतील. मी तेराव्यानंतर नेऊन दिल्या. सिस्टरने स्टीलच्या ट्रेवर पाच-पाचच्या ढिगांनी मोजल्या, दोन बाजूला. लिहिलं, माझी सही घेतली. मग म्हणाली, "बसा जरा, पाणी घ्या."

---

सांजवात | गुरुवार, रात्री ११:१५

सगळ्यांचे प्रतिसाद वाचत होते, लिहायला सवड झाली नाही.

मंगळवारी सकाळी मुंबईला फोन केला. चौथ्या प्रयत्नात लागला, पण लागल्यावर बाईंनी पाच मिनिटांत नाव सांगितलं. आमच्या गावापासून दोन तासांवरचं केंद्र, सहा वर्षांपासून तिथे मॉर्फिन मिळतंय. आमच्या गावातल्या एकाही डॉक्टरला माहीत नाही! बुधवारी भाऊ आणि मी गेलो. फाइल पाहिली, आईशी व्हिडिओवर बोलले, पुढच्या भेटीला तिला आणा म्हणाले, नाहीतर त्यांची सिस्टर घरी येईल. दोन आठवड्यांच्या गोळ्या माझ्यासमोर मोजल्या, कार्डावर आणि त्यांच्या वहीत चढवल्या, दोन्हीकडे माझी सही. रात्री दहाचा डोस दुप्पट आहे तो नीट समजावला, म्हणजे मध्यरात्री उठवायला लागत नाही. हे मला आधी कुणी समजावलंच नव्हतं, मी रात्री दोनला गजर लावून उठवत होते. संध्याकाळी परत पोहोचलो तेव्हा घरी दहा गोळ्या शिल्लक होत्या.

कऱ्हाकाठ, वही केली. आईला आणे सांगितले तर हसली. म्हणाली, सहा आणे. आज संध्याकाळी चार.

---

फळीमागचा | शुक्रवार, सकाळी ६:५५

वाचून बरं वाटलं. त्या केंद्राचं नाव तुमच्या गावच्या डॉक्टरांना आणि त्या सहाही मेडिकलवाल्यांना कागदावर लिहून द्या. आम्ही ठेवत नाही हे सांगणं सोपं, कुठे मिळेल ते सांगायला आम्हाला माहीत तरी हवं. मी माझ्या काउंटरच्या काचेखाली आमच्या जिल्ह्याचं लावतोय.

तुमच्या बाबांच्या गोळीचं काय केलंत?

---

सांजवात | तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी ४:२०

धागा वर काढतेय. आई ठीक आहे, म्हणजे जशी असायला हवी तशी. मागच्या आठवड्यात अंगणात खुर्ची टाकून बसली आणि मोलकरणीला भांडी नीट घासत नाही म्हणून बोलली. घरात सगळ्यांना इतका आनंद झाला की मोलकरीण बुचकळ्यात पडली.

बाबांना डॉक्टरांकडे नेलं. सात वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं की ही गोळी सुरू कशासाठी केली होती. बाबांना आठवेना. आत्याच्या निधनानंतर असावी. आता पाव पाव गोळीने कमी करायचं ठरलंय, प्रत्येक पायरी दोन-तीन आठवडे. नवी चिठ्ठी दिली, तारीख, संख्या, किती दिवस, सगळं लिहिलेलं.

ती घेऊन आमच्या त्याच मेडिकलमध्ये गेले. मुलाने सवयीने दोन स्ट्रिप काढल्या. मी म्हटलं एकच, आणि चिठ्ठी ठेवली. मालक उठून आले. खालच्या कप्प्यातून रजिस्टर काढलं, धूळ झटकली, पहिली पाच-सहा पानं कोरीच होती, मधून कुठून तरी सुरुवात केली. डॉक्टरचं नाव, पत्ता, बाबांचं नाव, गोळी, दहा. शिक्का मारला. शिक्क्यासमोर काय दिलं तेही लिहिलं, मी सांगायच्या आत. मग केंद्राच्या नावाचा कागद दिला तो त्यांनी खिशात घातला, काचेखाली लागतो का बघू.

बाबांचं आडनाव मात्र चुकीचं लिहिलंय, 'शे'चा 'शि' झालाय. म्हटलं, काका, तेवढं दुरुस्त करा. पेन उचललं, थांबले आणि म्हणाले, "नाही ताई. रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही."